आक्षेपणे इद्दल्ली

चावडीच्या भिंतीवर खळीनं डकवलेला एक कागद होता. मी पाचवीत होते. शाळेत कानडी नुकतंच सुरू झालं होतं आणि अख्ख्या गल्लीत ती गोल गोल अक्षरं जोडून वाचणारी आपली नातच, अशी आज्जीची खात्री होती. तिनं मला दंडाला धरून नेलं. "बघ गे, काय लिवलंय त्यात. आपला सर्वे नंबर हाय म्हणालीत."

मी बोट ठेवून वाचू लागले. बरीच अक्षरं ओळखीची, शब्द मात्र एकही नाही. मग एक शब्द सापडला. आ-क्षे-प-णे. हा तर आपलाच! पुढं 'इद्दल्ली' असं काहीतरी होतं, ते मी सोडून दिलं. मागं चारपाच बायका उभ्या होत्या, एकदोन पुरुषही. मोठ्या ऐटीत मी सांगून टाकलं, "सरकारचा आक्षेप हाय आपल्यावर."

आज्जीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिनं देवळात नारळ ठेवला आणि पुढं पंधरा दिवस चावडीच्या वाटेनं गेली नाही. विहिरीला जायचं तर मागच्या बोळातून.

'आक्षेपणे इद्दल्ली' म्हणजे 'आक्षेप असल्यास', हे मला हायस्कुलात गेल्यावर कळलं. शिवारातून जाणाऱ्या एका रस्त्याची आखणी झाली होती. तुमचं काही म्हणणं असेल तर अमुक दिवसांत येऊन सांगा, असं तो कागद विचारत होता. विचारणारा कागद आम्हाला आरोप करणारा वाटला आणि आम्ही तोंड लपवून बसलो. कचेरीच्या फाइलीत अर्थातच नोंद झाली असणार: मुदतीत कुणाचाही आक्षेप आला नाही.

ही गोष्ट मी लग्नाकार्यात हसत हसत सांगत आले. अलीकडं सांगताना हसू येत नाही.

*

आमचं गाव बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दिसणाऱ्या भातशिवारांतलं एक. नाव सांगत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते आसपासच्या कुठल्याही गावाला लागू पडेल. घरात मराठी, गल्लीत मराठी, शाळा मराठी. आणि उतारा, वारसा नोंद, रेशन कार्ड, घरफाळ्याची पावती, कोर्टाचं समन्स, सगळं कानडीत. दोन्हींच्या मध्ये कायम एक शाळकरी पोरगं उभं असतं. सीमाभागातल्या प्रत्येक घरात असं एक पोरगं होऊन गेलेलं आहे. त्याला कुणी दुभाष्या म्हणत नाही, त्याला पगार नाही, त्याची चूक झाली तर मार मात्र आहे. मी ते काम सातआठ वर्षं केलं, पुढं सोसायटीत कारकुनी करताना आणखी तीस वर्षं केलं. लोक अर्ज घेऊन यायचे, मी लिहून द्यायची. चहा मिळायचा, श्रावणात एखादी काकडी.

त्या कारकुनीत एक गंमत लक्षात आली. सरकारकडं माणूस ज्या शब्दांनी जातो ते जवळजवळ सगळे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत. आपला अर्ज, त्यांची अर्जी. आपली कचेरी, त्यांचीही कचेरी. सही ती सहीच. हजेरीला हाजरी, दाखल्याला दाखले, तक्रारीला तकरारु, ठरावाला ठरावु, दुरुस्तीला दुरस्ती. फारसीतून आले असतील, पेशवाईत फिरले असतील, मुंबई इलाख्याच्या दप्तरात मुरले असतील. ते भाषाशास्त्रज्ञांनी बघावं. मला एवढंच कळतं की लग्नाच्या मांडवात आणि जेवणात जितका फरक आहे तितका फरक कचेरीच्या दारात नाही. दारापर्यंत दोघंही एकाच शब्दानं पोचतात. अडतं ते आत गेल्यावर. अर्जातल्या 'अर्ज' या शब्दाच्या पुढं जे येतं तिथं.

कायदा वाचला तर वाटतं, अडायचं काही कारणच नाही. संविधानाचं ३५० वं कलम सांगतं, गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला माणूस तिथं वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज करू शकतो. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा निकष आहे. बेळगावात तर हा 'पंधरा टक्के' शब्द पोराटोरांना पाठ असतो. अल्पसंख्याकांच्या भाषेचं बघायला १९५७ पासून केंद्राचा एक स्वतंत्र आयुक्त आहे आणि त्या आयुक्तालयाची विभागीय कचेरी अनेक वर्षं बेळगावातच होती. म्हणजे औषधाचं दुकान गल्लीतच.

पण ३५० व्या कलमात एक फट आहे. ती मला अर्ज लिहिता लिहिताच दिसली. कलम सांगतं की तुम्ही तुमच्या भाषेत *सांगू* शकता. सरकारनं तुम्हाला तुमच्या भाषेत *विचारलं* पाहिजे, असं ते सांगत नाही. आणि आज्जीचा सगळा घोटाळा विचारण्यातला होता. प्रश्नच कळला नाही, तर उत्तर कुठल्या भाषेत द्यायची मुभा आहे याला काय जाळायचंय?

महामार्गाचं बघा. महामार्गासाठी जमीन घ्यायचा कायदा १९५६ चा. (आमच्याकडं छप्पन्न म्हटलं की सगळ्यांना एकच गोष्ट आठवते, १ नोव्हेंबर, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. हा कायदाही त्याच सालातला आहे हे कुणाच्या गावी नसतं.) त्यात म्हटलंय, जमीन घेण्याच्या अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा, त्यातलं एक देशी भाषेतलं असावं. आक्षेप घ्यायला मुदत एकवीस दिवस. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात हीच मुदत साठ दिवसांची आहे, आणि सूचना पंचायतीत स्थानिक भाषेत लावायची आहे. पण महामार्गाचं संपादन त्या पद्धतीतून बाजूला ठेवलेलं आहे. भरपाई नव्या हिशेबानं, विचारणं जुन्या हिशेबानं.

आता 'एक देशी भाषेतलं' यातली देशी भाषा कुठली? बेंगळुरात बसून वाचलं तर हा प्रश्नच पडत नाही. मच्छे, मजगाव, अनगोळ, हलगा या पट्ट्यात बसून वाचलं तर दुसरा प्रश्न सुचत नाही. इथं घराघरात जे वर्तमानपत्र येतं ते मराठी. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ पासून निघतोय. हलगा–मच्छे बायपासच्या विरोधात बासमतीची शेतं वाचवायला शेतकरी कोर्टकचेऱ्या करत राहिले, बांधावर आडवे झाले. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या लढ्याबद्दल शहरातले लोक म्हणायचे, आत्ता ओरडून काय उपयोग, आधी काय झोपला होता? हे वाक्य ऐकलं की मला चावडीची भिंत दिसते. मागच्या बोळातून विहिरीला जाणारी आज्जी दिसते.

हे फक्त आमचंच रडगाणं नाही. २०२० साली केंद्र सरकारनं पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीसाठी नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला आणि देशभरातल्या लोकांकडून हरकती मागवल्या. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जूनला सांगितलं, आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या बावीस भाषांत भाषांतर करा. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला त्या बातमीची मोठी मौज वाटली. बावीस भाषांत विचारायला लागेल म्हणून दिल्लीला घाम फुटला होता, आणि इथं आम्ही दोन भाषांसाठी सत्तर वर्षं भांडतोय.

*

भांडणाचं आलंच आहे तर आमच्याही पदराखाली बघूया.

निवेदन देणं ही बेळगावची लोककला आहे. कधीही पेपर उघडा. जिल्हाधिकारी मध्ये, एका हातात कागद, तो कागद दुसऱ्या टोकाला धरलेले आमचे पाचसहा कार्यकर्ते, आणि मागच्या रांगेत डोकं आत घालण्यासाठी टाचा उंचावलेले वीसेक जण. खाली ओळ: 'निवेदन सादर'. फोटो आला की काम झालं. त्या निवेदनाचं पुढं काय झालं हे विचारायला कुणी गेल्याची बातमी मी तरी वाचलेली नाही. डिसेंबरात हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात राज्य विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा तर हंगामच असतो. २०१२ मध्ये ती इमारत उघडली तेव्हापासून बहुतेक वर्षी दहाबारा दिवस सरकार आमच्याकडं पाहुणं येतं. शहरातले खड्डे बुजतात. सौधाजवळ मांडव पडतात. ऊसवाले, अंगणवाडीवाल्या, अतिथी शिक्षक, कोण कोण राज्याच्या टोकाकडून येऊन बसतं. मराठी माणसांचा महामेळावा वेगळा. मंत्री मांडवात येतो, निवेदन घेतो, पीएच्या हातात देतो. पीएचा हात एवढा भरलेला असतो की बघून दया यावी.

ही सवय जुनी आहे. राज्य पुनर्रचना आयोग १९५३ च्या डिसेंबरात नेमला, फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर हे तिघं. त्यांच्याकडं १,५२,२५० निवेदनं आली. नऊ हजारांहून जास्त माणसांशी ते प्रत्यक्ष बोलले. स्वतंत्र भारतात लोकांना एवढं मोठ्या प्रमाणावर 'तुमचं काय म्हणणं?' असं त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. आणि अहवालात त्यांनीच लिहून ठेवलंय की यातली नीट विचार करून मांडलेली निवेदनं दोनेक हजारांच्या वर जात नाहीत. बाकीचे बहुतेक साधे ठराव.

मला आधी या वाक्याचा राग आला होता. एवढी माणसं जीव तोडून सांगतायत आणि हे मोजणार दोनच हजार! पण सोसायटीत बसून मीही हजारो अर्ज पाहिले. एकाच मजकुराचे पन्नास अर्ज आले की तो पन्नास माणसांचा आवाज राहत नाही, एका माणसाचा आवाज पन्नास वेळा ऐकल्यासारखं होतं. त्या दीड लाख कागदांत माझ्या आज्जीसारख्या किती बायकांचे अंगठे असतील आणि त्यांतल्या किती जणींना वर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं असेल? सीमाप्रश्न माझाही आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे त्याच्या तारखेची वाट माझं घरही बघतं. पण त्या एका मोठ्या प्रश्नाच्या सावलीत आम्ही बारक्या प्रश्नांना मोठं होऊच दिलं नाही. गटार तुंबलं तरी उत्तर एकच: 'निकाल लागू दे, मग बघू.' निकाल लागेपर्यंत गटार थांबत नाही.

आणि गावात निर्णय होतात कुठं? ग्रामसभेत होत नाहीत, देवळात होतात. आदल्या रात्री पंचमंडळी जमतात. देवस्कीचं बोलणं संपलं की रस्त्याचं निघतं, कुणाच्या गल्लीत काँक्रीट घालायचं ते ठरतं. तिथं बायका नसतात. खालच्या गल्लीतलं कुणी असलं तर पायरीशी असतं. सगळे मराठी, भाषेची काही अडचण नाही, तरीही निम्म्या गावाला पत्ता नसतो. तेव्हा भाषेनंच सगळं अडवलंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कानडी नोटीस मला वाचता आली नाही त्याला सरकार जबाबदार. देवळातली बैठक माझ्या आईला कधी ऐकू आली नाही त्याला कोण?

खरं तर कर्नाटकात या बाबतीत पाया चांगला पडला होता. पंचायत राज्याची ७३ वी घटनादुरुस्ती यायच्या दहा वर्षं आधी, १९८३ मध्ये इथं मंडल पंचायतींचा कायदा झाला, बायकांना पंचवीस टक्के जागा ठेवल्या, १९८७ मध्ये निवडणुका झाल्या. त्यामागं अब्दुल नझीर साब नावाचे मंत्री होते. गावोगावी बोअर मारल्या म्हणून लोक त्यांना 'नीर साब' म्हणायचे. आमच्या गावात त्या निवडणुकीत पहिल्यांदा एक बाई मेंबर झाल्या. त्यांच्या यजमानांनी पाच वर्षं मन लावून काम केलं. आता निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी कधी कधी पंचायतीच्या खुर्चीवर मालक आणि दारातल्या बाकावर मेंबरीणबाई, असं दृश्य दिसतं. ते बघून पूर्वी मी हसायची. पण एक मेंबरीण मला म्हणाली, "अक्का, सभेत काय बोलल्यात त्ये निम्मं कळत न्हाई, मग घरात येऊन ह्यास्नीच इचारायला लागतंय. त्यापरास हेच गेलेले बरे." हसू ओठातच राहिलं.

*

वॉर्डसभा सहा महिन्यांतून एकदा घ्यायची असते. कर्नाटकच्या कायद्यात ती ग्रामसभेच्याही खालची पायरी आहे, एका वॉर्डातल्या मतदारांची. हजर असणाऱ्यांत किमान तीस टक्के बायका हव्यात असंही लिहिलंय. हे तीस टक्के भरायला स्त्रीशक्ती संघाच्या बायकांना निरोप जातो. गेल्या ऑगस्टात मीही गेले. रिटायर झाल्यावर घरी बसून करायचं काय?

सकाळी अकराची वेळ, भांगलणीचे दिवस. संघाच्या बायका रोजगार बुडवून आलेल्या. इरली भिंतीला टेकवून ठेवलेली, पाय चिखलाचे, त्यामुळं सगळ्या व्हरांड्यातच बसलेल्या. आल्या आल्या रजिस्टर फिरलं. "सही मारा, सही मारा." सभा सुरू व्हायच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आलंय. जेवणाच्या आधी 'पोटभर जेवलो' म्हणून लिहून देण्यासारखं.

पीडीओ साहेब, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, तरुण होते, विजापूरकडचे. मराठी समजायचं, बोलताना अडखळायचे. अर्ध्या तासात यादी झाली. रोजगार हमीची कामं, घरकुलाची नावं, पथदिवे. एका बाईनं मोरीचं काढलं. वरच्या शिवारात चिंचेजवळची मोरी दरवर्षी तुंबते, पाणी उलटं फिरून रताळ्याच्या वाफ्यांत शिरतं, गेल्या साली तिची सगळी लावण कुजली. ती चांगली पाच मिनिटं बोलली, हातवारे करून, पाणी कुठून येतं, कुठं वळतं. साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. लिहायला दोन सेकंद लागली.

त्या दोन सेकंदांनी मला बोलतं केलं. पाच मिनिटांचं बोलणं दोन सेकंदांत कसं मावलं?

"स्वल्प ओदि हेळ्री, सर," मी म्हटलं. जरा वाचून दाखवा.

साहेब गोंधळले. प्रोसिडिंग वाचून दाखवायची पद्धत नसावी, किंवा असली तरी कुणी मागत नसावं. पण माणूस चांगला होता. त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं, कानडीतच. मी मागोमाग मराठी करायला सज्ज होऊन बसले. नवव्या कलमाशी आले आणि वाचलं, "मोरी दुरस्ती. ओंदु."

मी तोंड उघडायच्या आत व्हरांड्यातून तीनचार आवाज आले. "कुठली मोरी?"

मोरीला कानडीत मोरीच म्हणतात. दुरुस्तीला दुरस्ती. भाषांतराची गरजच पडली नव्हती. आणि ज्या क्षणी बायकांना ते ऐकू आलं त्या क्षणी त्यांनी ओळखलं की पुस्तकात जी मोरी गेलीय ती त्यांची नव्हे. गावात मोऱ्या चार. एक देवळाजवळची, मेंबरांच्या घरापुढची. 'मोरी दुरुस्ती, एक' असं लिहिल्यावर पैसे आले तर कुठली मोरी दुरुस्त होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मग जे झालं त्याला मी सभा म्हणेन. एकीनं सांगितलं, चिंचेजवळची लिवा. दुसरी म्हणाली, चिंच पडली परवाच्या वाऱ्यात, बुंधा हाय नुस्ता, सर्वे नंबर घाला. सर्वे नंबर कुणालाच पाठ नव्हता. एक पोरगं उतारा आणायला पळालं. व्हरांड्यातल्या बायका कधी आत आल्या आणि खुर्च्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. साहेबांनी जुन्या ओळीवर काट मारून समासात नवीन ओळ लिहिली, तिथं सही केली आणि परत वाचून दाखवली. मोरीवाली बाई म्हणाली, "आता बरोबर." ते तिनं ज्या स्वरात म्हटलं तो स्वर मी आजवर फक्त बांधाची मोजणी बरोबर निघाली की ऐकलेला.

लोकसहभाग वाढवा म्हणून कार्यशाळा होतात, फलक लागतात, मोबाइलवर मतं मागवतात. २०१६ च्या जानेवारीत बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, त्या स्पर्धेत नागरिकांची मतं घेतल्यालाही मार्क होते. घ्या मतं, नाही कशाला म्हणू. पण मला आताशा सगळ्यात आधी एकच विचारावंसं वाटतं: घेतलेलं मत देणाऱ्याला परत वाचून दाखवलं का? त्याला कळेल अशा तोंडी भाषेत, सही घ्यायच्या आधी? याला निधी लागत नाही. वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटं द्यायला कुणीच राजी नसतं. देवळातल्या बैठकीला तर ती अजिबातच परवडत नाहीत.

पोरं यात आपल्या पुढं आहेत. नोव्हेंबराच्या आसपास पंचायतीत 'मक्कळ ग्रामसभा' भरते, मुलांची. मराठी शाळेची पोरं एकीकडं, कानडी शाळेची दुसरीकडं. संडासाला कडी नाही हे एका पोरीनं मराठीत सांगितलं, दुसऱ्या शाळेतल्या पोरानं ते कानडीत सांगितलं, आणि खाली बसायच्या आधी साहेबांच्या वहीत वाकून बघितलं, लिहिलंय का. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं.

*

फेब्रुवारीत पुन्हा वॉर्डसभा झाली. या वेळी बायका तीस टक्क्यांहून बऱ्याच जास्त होत्या, आणि रजिस्टर पुढं आल्यावर मोरीवाल्या बाईनं ते मांडीवर उलटं ठेवलं. "मागचं वाचा की आधी."

वाचलं. मोरीची ओळ जागेवर होती, सर्वे नंबरासकट. काम झालं नव्हतं. आराखड्यात घातलंय, तालुका पंचायतीकडं गेलंय, मंजुरी यायची आहे, असं साहेब म्हणाले. बायकांनी ते ऐकून घेतलं. कुणी ओरडलं नाही. पावसाळ्याला अजून चार महिने होते, एकीनं बोटांवर मोजले.

मग दाराशी एक बाई उठून उभी राहिली. वीटभट्टीवरची. दिवाळी सरली की उत्तरेकडून ही कुटुंबं येतात आणि पहिला वळीव पडला की परत जातात. शिवाराच्या कडेला त्यांच्या ताडपत्र्यांच्या खोपी. ती सभेत कशी आली कुणास ठाऊक. बहुधा आमच्यातली कुणी कामावरून येताना सोबत घेऊन आली असावी. सभा आमची, त्यामुळं सगळी मराठीत चाललेली. ती इतका वेळ ऐकत उभी होती आणि तिला त्यातलं काय कळलं असेल ते मला, चावडीपुढच्या पाचवीतल्या मुलीला, चांगलंच माहीत होतं.

"नीर बरंगिल्री," ती म्हणाली. पाणी येत नाही.

दोघीतिघी हसल्या. तिच्या बोलण्याला हसल्या, मनात वाईट काही नव्हतं. मी मराठी करून सांगितलं: भट्टीपर्यंत पाइप नाही, टँकर आठवड्यातून एकदा, पोरं डबक्यातलं पितात. हे काम मी आयुष्यभर उलट्या दिशेनं केलं होतं. जीभ जरा अडखळलीच.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, यांचं नाव या वॉर्डाच्या मतदारयादीत नाही. वॉर्डसभेचे सदस्य म्हणजे मतदार. लिहायचं कुठल्या रकान्यात? ते बरोबरच बोलत होते. कायद्यात तसंच आहे.

सगळ्यात म्हातारी आज्जी भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं होतं झोपलीय. "पाणी पिताना मतदानाचं कार्ड दावायला लागतंय काय, सायब?" तिनं विचारलं. "लिवा की."

साहेबांनी लिहिलं, 'इतर विषय' या मथळ्याखाली. आणि कुणी सांगायच्या आत, स्वतःहून, कानडीत वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा विजापुरी हेल एकदम मोकळा सुटला. ती बाई ओळ संपेपर्यंत त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग मानेनं हो म्हणाली.

रजिस्टर सह्यांसाठी फिरलं. प्रत्येक नावापुढं यादीतला नंबर आणि एक चौकोन. ते तिच्यापाशी आलं तेव्हा तिनं पान वरपासून खालपर्यंत बघितलं, आपल्याला चौकोन नाही हे तिच्याही लक्षात आलं असावं. मोरीवाल्या बाईनं शाईचा पॅड तिच्या पुढं सरकवला आणि पानाच्या कडेला, जिथं काही छापलेलं नव्हतं तिथं, बोट ठेवून जागा दाखवली.